फेसाची दुपार

कंट्रोल रूमचं दार ढकललं आणि आधी दिसला तो ऑपरेटरचा हात. अलार्म वाजला, हात गेला, बटण दाबलं... नजर मात्र खिडकीबाहेर!

"अहो, आधी वाचा तरी!" मला राहवलं नाही.

तो वळला. "काय वाचू? त्या पंख्याचा अलार्म सकाळपासून उगाच केकाटतोय. आपण कोण?"

"तुमचे अलार्म साठवायला आलेय."

"साठवायला? न्या की सगळे! पोतं देऊ?"

हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची.

शाम्पूचा कारखाना होता तो. भिंतींनाही गुलाबाचा वास. पडद्यावर मोजकेच अलार्म मावायचे, नवे आले की जुने पुसले जायचे. काही बिघडलं तर आधी काय वाजलं ते कळायचं नाही, आणि खापर ऑपरेटरच्या डोक्यावर. म्हणून मी नवा संगणक बसवत होते. अलार्म कधी आला, कुणी कधी बटण दाबून गप्प केला, सगळं जपणारा.

"म्हणजे आमच्यावर पाळत."

"पाळत कसली? तुमचा साक्षीदार!"

"साक्षीदार तुमच्यासारखा असेल तर... चालेल."

मी तारांमध्ये उगाचच डोकं खुपसलं.

रोज भांडणं, रोज चहा. कुठला अलार्म खरा, कुठला नुसता कांगावखोर, ते तो सांगायचा. एका दुपारी संगणक सुरू झाला.

"काम संपलं?" त्याचा आवाज पडला. "मग उद्यापासून मी भांडू कुणाशी?"

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले — तोही. अलार्म वाजला. त्याने न बघताच बटण दाबलं. मीही बघितलं नाही.

थोड्या वेळाने खाली आरडाओरडा! टाकी ओसंडली होती. जिन्यावर गुलाबी फेस, फेसात घसरणारी माणसं... तो धावला, टाकी भरणारी झडप बंद करून परतला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत फेसाळलेला.

संगणकाने सगळं टिपलं होतं. अलार्म वाजला, याने दाबला, आणि झडप मात्र उघडीच. त्याची नोकरी जाणार होती. ती नोंद पुसायचा अधिकार फक्त माझ्याकडे होता. माझी बोटं कीबोर्डवर गेली...

"नको," तो मागून म्हणाला. "आज माझ्यासाठी पुसलंत, तर उद्या एखाद्या निर्दोष माणसाला हा साक्षीदार काय कामाचा?"

मोठे साहेब आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांनी पडदा वाचला. "अलार्म बंद केलास, झडप नाही. लक्ष कुठे होतं?"

तो सरळ म्हणाला, "मॅडमकडे, साहेब."

"आणि मॅडमचं?"

माझे कान तापले. "यांच्याकडे," मी म्हणाले — आणि ते अगदी बायकोने म्हणावं तसं निघालं!

साहेबांनी चष्म्यावरचा फेस पुसला. हसू दाबलं की राग, कळलं नाही. "आठवडाभर खालची फरशी तू धुवायची. खरं बोललास म्हणून एवढ्यावर सुटलास. आणि मॅडम, ते कांगावखोर अलार्म बंद केल्याशिवाय तुम्ही जायचं नाही."

दार लागलं. तो दबकत म्हणाला, "मघाशी जे बोललात, ते... साहेबांसाठी होतं का?"

मी खुर्चीवरचं फडकं त्याच्या हातात कोंबलं. "केस पूस आधी. सर्दी होईल."

"पूस?" त्याची खळी उमटली. "पुसा नाही?"

"पूस," मी म्हणाले.