एकोणतिसाव्या दिवसाचा चंद्र

आमच्या दोघांचे हात एकाच पुस्तकावर पडले, आणि कुणीच हात मागे घेतला नाही.

टोकियोच्या कान्दा भागातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, बाहेर ऑक्टोबरची रिपरिप. आणि पुस्तक असं, की वर्षभरात कुणी त्यावरची धूळही झटकली नसेल — एका पडक्या किल्ल्यातल्या वैद्याची चारशे वर्षांपूर्वीची रोजनिशी.

"तुम्हाला कशाला हवंय हे?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या बाहीवर तांबड्या शाईचा डाग होता.

"वाचायला. तुम्हाला?"

"चोरायला... म्हणजे, कथेसाठी. मी कादंबऱ्या लिहितो. कुगा तेत्सुरो."

या कुगा-सानांची ऐतिहासिक कादंबरी आमच्या दैनिकात रोज छापून येत होती, आणि त्यांची मुद्रितं तपासणारी मीच होते! आमच्या कामाचा नियम साधा. तपासनिसाने चूक दुरुस्त करायची नाही, समासात पेन्सिलीने फक्त प्रश्न विचारायचा. लेखक तांबड्या शाईने उत्तर देतो. नाव कुणी लिहीत नाही.

"मी हिरोसे सुमिए," एवढंच सांगितलं. पुस्तक एक आठवडा त्यांच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे, असं ठरलं. देवघेव दर शनिवारी, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात.

"आमच्या दैनिकात एक तपासनीस आहे," तिसऱ्या शनिवारी ते म्हणाले. "म्हातारा असणार. पोट बिघडलेला."

"पोट कशावरून?"

"परवा विचारतो, 'त्या साली वादळात पर्सिमनची फळं गळून गेली होती, मग ही बाई सोलते काय?' इतकं बारीक वाचणाऱ्याला अन्न गोड लागत असेल?"

"लागतं हो! दोन वाडगे भात जेवतो तो... म्हणजे, जेवत असेल."

ते कॉफी ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती.

हळूहळू शनिवार लवकर यावा असं वाटू लागलं. एकदा त्यांनी खाली मान घालून सांगितलं, की मागच्या कादंबरीत एक चूक राहिली, एका प्राध्यापकाने पानभर टिंगल केली, आणि दोन वर्षं कुठल्याच संपादकाने त्यांना विचारलं नाही. "पण या कादंबरीच्या शेवटी त्या प्रेमिकांची ताटातूट आहे ना... चांदण्यात. त्या एका प्रसंगासाठी ही कादंबरी लिहितोय मी."

डिसेंबरात शेवटच्या भागाचं मुद्रित आलं. वाचलं, आणि टेबलावरच रडले.

"रडलात?" आमचे प्रमुख माकिनो-सान म्हणाले. "मग पुन्हा वाचा. डोळे भरले की चुका निसटतात."

पुन्हा वाचलं. कादंबरीतला किल्ला शत्रूच्या हाती पडतो दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. ताटातूट त्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे नवव्या महिन्याच्या एकोणतिसाव्या, शेवटच्या दिवशी. जुन्या पंचांगात महिना अमावास्येपाशी संपतो. चांदणं कुठलं?

विचारलं, तर त्यांचा लाडका प्रसंग मी मोडणार. गप्प बसले, तर सगळं टोकियो त्यांना हसणार. आणि ती पेन्सिल माझी आहे हे कळलं, की शनिवार संपले. मला ते शनिवार हवे होते, फार हवे होते. तरीही मी लिहिलं — 'एकोणतिसावा दिवस. चंद्र असेल का?'

दुपारी मुद्रित घेऊन कुगा-सान स्वतःच आले. खोलीत आम्ही सहाजण माना खाली घालून बसलो होतो. ते थेट माझ्या टेबलापाशी येऊन थांबले.

चांदणं तांबड्या रेघेने खोडलं होतं. आता तिथे मिट्ट अंधार होता. तिला त्याचा चेहरा दिसत नाही. लगाम धरून तळव्याला पडलेल्या घट्ट्यांवरून ती त्याला ओळखते... पहिल्यापेक्षा कितीतरी सुंदर.

"तुम्हाला कसं कळलं, मी...?"

"पर्सिमन. ते वादळ फक्त वैद्याच्या रोजनिशीत आहे. आणि त्या आठवड्यात ती तुमच्याकडे होती."

"म्हणजे इतके दिवस! आणि तो पोट बिघडलेला म्हातारा?"

"तुमचं तोंड बघायला मजा यायची."

"आणि त्यानंतरच्या चुका? रताळी आपल्याकडे यायच्या आधीच रताळी भाजणारा तो शिपाई?"

"मुद्दाम. समासात तुमचा प्रश्न यावा म्हणून."

मला रागही आला आणि हसूही. "मग चंद्रसुद्धा मुद्दामच?"

त्यांचे कान लाल झाले.

"नाही," ते हळूच म्हणाले. "तो खरंच चुकला. लिहिताना डोळ्यांसमोर तुम्ही होतात... तारीख बघायचं सुचलंच नाही."

मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. समासात, पेन्सिलीने, त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं — 'पुस्तक यापुढे दोघांच्या एकाच घरात राहिलं तर चालेल का?'

मी माकिनो-सानांच्या टेबलावरची तांबडी शाई ओढून घेतली.

"हिरोसे-सान," माकिनो-सान चष्म्यावरून बघत म्हणाले, "तपासनिसाने तांबड्या शाईला हात लावायचा नसतो."

"आजच्यापुरता," मी म्हणाले, आणि लिहिलं — 'चालेल.'