किटलीभर पाणी

लाकडाच्या चुली गॅसवर आणून देणं हे माझं काम. तीन हिवाळ्यांत कारा-बाल्ता गावातल्या आमच्या बाजूची बहुतेक घरं मी केली. आतली जाळी काढायची, राखेच्या तोंडावर पत्रा बसवायचा, बर्नर सरकवायचा आणि कागदाची पट्टी तोंडापाशी धरून धुराड्याला ओढ आहे ना ते बघायचं. पट्टी आत झुकली की झालं. वीटकाम तेच राहतं, खोलीची भिंत तीच तापते. लाकूड, राख आणि खोकला तेवढे घरातून जातात.

शेवटी राहिलं आमचंच घर.

"लोकांकडे निळ्या ज्योती लावत फिरतात आणि स्वतःच्या आईला धूर खायला ठेवतात," माझी बायको गुलकायर म्हणायची, अपाला ऐकू जाईल अशा बेतानं. अपा म्हणजे माझी आई.

"धूर मी खाते, ठसका तुला का लागतो गं?" अपा म्हणायची.

आमच्या चुलीतली आग घरापेक्षा जुनी. आजी डोंगरातून खाली राहायला आली ती लोखंडी भांड्यात, राखेत गुंडाळलेले निखारे घेऊन. झोपताना अपा त्यांच्यावर राख पांघरायची, उजाडलं की उघडायची. उन्हाळ्यात तेच निखारे अंगणातल्या चुलीत जायचे, पहिलं हिव पडलं की पुन्हा आत यायचे. नवी नवरी म्हणून आली तेव्हा अपानं त्यांना मेंढीची चरबी वाहिली होती. पुढे गुलकायरनंही वाहिली. दर शुक्रवारी अपा चमचाभर चरबी आत सोडायची आणि पुटपुटायची,

घे गं आगआई, घे चरबीचा घास,
माझ्या धाकट्याच्या घरी कर तू निवास.

धाकटा मी. आमच्यात आईबापाचं घर धाकट्याकडे येतं, आणि घरातली आगही.

त्या वर्षी अपाचा दमा बळावला. ती गॅसला तयार झाली, पण एका अटीवर.

"मी तीन दिवस बहिणीकडे सोकुलुकला जाते. तू लाकूड घालू नकोस. ती आपणहून निजेल. निजली की मग तुझं काय ते कर. पण पाणी नाही हां, केन्जे."

केन्जे म्हणजे शेंडेफळ. चाळिशी उलटली तरी तिच्यासाठी माझं नाव तेच.

"हे मला सांगतेस?" मी हसलो. आगीवर पाणी ओतायचं नसतं हे आमच्याकडे पोराला चालायला लागायच्या आधी कळतं.

तीन दिवस काडीसुद्धा घातली नाही. तरी राख सारली की खाली लाल. शुक्रवारी दुपारी गॅस ऑफिसचा माणूस जोडणी तपासायला यायचा होता. ती वेळ हुकली असती तर पुढची महिन्यानं मिळणार होती. चौथ्या दिवशी, त्याच शुक्रवारी सकाळी, गुलकायर बाजारात गेली होती. मी किटली भरून घेतली आणि ओतली.

चर्र होईल, वाफ येईल म्हणून मी तोंड फिरवलं होतं. काहीच झालं नाही. दमून आलेली गाय पाणी पिते तसे सावकाश, एकामागून एक घोट ऐकू आले. किटली संपली. निखारे काळे पडले होते, पण राख हातात घेतली तर कोरडी होती. बर्नरचं काम उरकायचं होतं. मी ती राख पोत्यात भरली.

संध्याकाळी अपा आली. चुलीच्या दारातून निळी ज्योत बघत उभी राहिली.

"आपणहून निजली ना?"

"पहाटेच. अगदी शांत."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "गुणाचं रे माझं पोर." तो हात मला अजून गालावर जाणवतो.

आठवडाभरानं गुलकायर म्हणाली, "ही किटली गळते का हो? आत्ता भरून ठेवली, लगेच अर्धी." मी किटली तपासली. गळत नव्हती. मग बालदीतलं पाणी उतरायला लागलं. धुतलेले टॉवेल चुलीच्या खोलीत घातले की चहा होईपर्यंत कडकडीत व्हायचे. रात्रीचं नान सकाळी हातात भुगा व्हायचं.

माझ्या मनाला टोचलं ते वेगळंच. गॅस जळला की पाणी होतं. हे ऐकीव नाही, माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. गॅसवर आणलेल्या प्रत्येक घरात पहिली तक्रार खिडक्यांना घाम येतो हीच असते. आमच्या काचा कोरड्या होत्या. मी ओढ तपासली, सांधे साबणाच्या फेसानं तपासले, बर्नर बाहेर काढून पुन्हा बसवला. फेस काही क्षणांत वाळून पापुद्रा व्हायचा.

आणि अपाला तहान लागली. दम्याची धाप कमी झाली होती, पण दहा-बारा वाट्या चहा पिऊनही तिची जीभ टाळूला चिकटायची. ओठांना भेगा पडल्या. हातांची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. डॉक्टरनं रक्त तपासलं, साखर नाही म्हणाला, मूत्रपिंडं ठीक आहेत म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हातारीला पाणी देता ना रे घरात?"

मान खाली घालून मी "हो" म्हणालो.

एका दुपारी मी घरात शिरलो तेव्हा अपा चुलीसमोर बसली होती. मी आलोय हे तिला कळलं नव्हतं.

"माझंच चुकलं गं," ती चुलीला म्हणत होती. "तू निजताना मी जवळ हवी होते. बहिणीकडे जाऊन बसले. माझ्या पोरानं केलं सगळं नीट, त्याच्यावर राग नको धरूस. माझ्यावर धर."

ती रडत होती. खांदे हलत होते, नाक ओढत होती. डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. त्यांतलं पाणीही गेलं होतं.

तरी मी लगेच बोललो नाही. अंगणात गेलो, पाइपचा पाना उगाच पुसला, परत आलो. तेवढ्या वेळाचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"अपा, मी पाणी ओतलं होतं."

ती वळली नाही.

"किती?"

"किटलीभर."

"जिवंत असताना?"

"हो."

मग ती म्हणाली, "आग जे खाते तेच मागते. आम्ही इतकी वर्षं चरबी घातली, तिनं चरबी मागितली. तू पाण्याची चव लावलीस. आता तूच पाज."

मी पेटत्या बर्नरवर किटली रिकामी केली. ज्योत विझायला हवी होती, सुरक्षेची कळ टक्क करून पडायला हवी होती. यातलं काहीच झालं नाही. निळी ज्योत पाण्याखाली तशीच जळत राहिली, आणि ते घोट मला पुन्हा ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी अपाच्या ओठांना ओल आली. खिडकीच्या कोपऱ्यात एवढासा घाम धरला.

तेव्हापासून रोज पाजतो. आधी किटली, मग बालदी, आता दोन बालद्या. बालदी आत आणली की ज्योत तिच्याकडे झुकायची.

लोक विचारतात, तुमच्याकडे कसा चाललाय गॅस? मी म्हणतो, छान.

या आठवड्यात एक बदल झाला आहे.

ज्योत आता बालदीकडे झुकत नाही. मी रिकाम्या हातानं खोलीत आलो तरी झुकते. उजवीकडे गेलो की उजवीकडे, डावीकडे गेलो की डावीकडे. मी कागदाची पट्टी धरून पाहिली. वारा नव्हता.

माझी जीभ टाळूला चिकटते.

काल जेवताना अपानं ज्योतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपली वाटी उचलली आणि माझ्या नि चुलीच्या मध्ये येऊन, चुलीला पाठ लावून बसली. आजही तिथेच बसली आहे. ऊठ म्हटलं तर उठत नाही.

तिचे ओठ पुन्हा फुटायला लागले आहेत.