सात दिवसांची मुदत

सल्लागारांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांना उत्तरं दिली. कामगाराला काढायचं तर आधी काय करावं, कामाची पाळी बदलताना किती दिवस अगोदर सांगावं, बाळंतपणाची रजा नाकारता येते का (येत नाही)... कारखानदार विचारत आणि हे मान खाली घालून, तीन-तीन मसुदे करून उत्तर पाठवत. राहिलं ते एकाच पत्राचं उत्तर. ते पत्र चौतीस वर्षं टेबलाच्या खालच्या खणात पडून होतं, आणि त्याला मुदत होती सात दिवसांची.

त्याची सुरुवात एका बाकावर झाली. कामगार कार्यालयाच्या व्हरांड्यात सल्लागार सुनावणीची वाट बघत होते. शेजारी कोणी बाई बसल्या होत्या. पण बाईमाणूस शेजारी बसलं की यांची नजर थेट स्वतःच्या चपलांवर. पुकारा झाला तसे ते फाईल उचलून आत गेले.

"बोला, मालकांचं म्हणणं काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सल्लागारांनी घसा खाकरून वाचायला घेतलं, "पाळणाघरासाठी बारा लहान उशा, गादीवर घालायला मेणकापड, खुळखुळे—"

खोलीत हशा पिकला. तेवढ्यात दार ढकलून कोणी आत डोकावलं. "अहो, त्या माझ्या उशा आहेत!"

फाईल बदलली होती. बाकावर शेजारी बसलेली ती बाई एका बटणांच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होती. बोलायला मिरचीसारखी, हसायला मात्र मोकळी. सुनावणी आटोपून ते बाहेर आले तर ही बाकावर तशीच.

"तुमची फाईल मी वाचली," ती म्हणाली.

"स... सगळी?"

"कामगाराला दिलेली नोटीस वाचली. बाई गं! मला असं पत्र आलं असतं तर मी नोकरीच काय, गावच सोडलं असतं."

"कायद्यानं ती बरोबर आहे."

"असेल हो. पण तिच्यात माणूस कुठाय?"

यावरचं उत्तर सल्लागारांना सुचलं ते रात्री, अंथरुणात. आणि तेही बेताचंच.

पुढे बटणवाल्या मालकांनी यांचाच सल्ला घ्यायचं ठरवलं. ते कोणाच्या डोक्यातून निघालं, हे विचारायची यांची छाती झाली नाही. दर गुरुवारी अकरा वाजता ती कागद घेऊन यायची. खुर्ची ओढून बसायची, यांच्या मसुद्यावर पेन्सिल फिरवायची. अशाच एका गुरुवारी तिनं नोटिशीच्या शेवटी लिहिलं : 'आपली काही अडचण असल्यास प्रत्यक्ष येऊन सांगावी, ऐकून घेतले जाईल.'

"म्हणणं ऐकून घेणं कायद्यात आहेच," सल्लागार म्हणाले.

"मग कागदावर यायला लाजतं का?" तिनं डोळे वर केले. "तुमच्यासारखं?"

सल्लागारांचे कान तापले. ते वाक्य मात्र त्यांनी ठेवलं. त्या नोटिशीचा कामगार दुसऱ्याच दिवशी येऊन रडला, बोलला आणि कामावर राहिला.

एकदा तिला यांच्या बाहीचं बटण तुटलेलं दिसलं. पुढच्या गुरुवारी तिनं पर्समधून सुईदोरा काढला आणि सरळ यांचा हात पुढे ओढून निळं बटण शिवलं. सदरा पांढरा होता.

"रंग जुळत नाही," ती दोरा दातानं तोडत म्हणाली, "पण पडणार नाही." तिच्या केसांना साबणाचा साधा वास होता. सल्लागार श्वास रोखून खिडकीकडे बघत राहिले.

ते निळं बटण मालकांच्या नजरेतून सुटलं नाही. "काय सल्लागार, आमचा माल फुकटात?" भर बैठकीत ते म्हणाले. "की आता आमची बाईच पळवताय?" सगळे हसले. तीही हसली. सल्लागारांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे तीन गुरुवार ते अकराच्या आधीच ग्रंथालयात जाऊन बसले.

चौथ्या गुरुवारी पत्र आलं. यांच्याच नमुन्यात, यांच्याच भाषेत.

'आपण सलग तीन गुरुवार विनापरवानगी गैरहजर आहात. मला दुसऱ्या गावी नोकरी चालून आली आहे. मी ती का घेऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. खुलासा न आल्यास आपणांस काही सांगायचे नाही असे समजून निर्णय घेतला जाईल. आपली काही अडचण असल्यास प्रत्यक्ष येऊन सांगावी. ऐकून घेतले जाईल.'

सल्लागार मसुद्याला बसले. पहिला झाला चार पानांचा. दुसऱ्यातून विशेषणं गेली, तिसऱ्यातून कविता. सातव्या दिवशी दोन शब्द उरले... 'जाऊ नका.' ते टंकून, पाकिटात घालून त्यांनी खिशात ठेवले. टपालपेटीपर्यंत गेलेही. मग वाटलं, तिनं थट्टा केली असली तर? सकाळी एकदा वाचून बघू.

सकाळी मुदत संपली होती. चार दिवसांनी ती गेल्याचं बटणवाल्यांकडून कळलं.

चौतीस वर्षं उलटली. आता सल्लागारांचं कार्यालय त्यांची भाची चालवते. मामा खिडकीशी बसून पुस्तकं वाचतात. परवा टपाल फोडता फोडता ती म्हणाली, "मामा, हे बघा. पुस्तकबांधणीचा छोटा कारखाना आहे, सहा कारागीर. एकानं नोटिशीला मुदतीत उत्तर दिलं नाही, आता महिन्यानं आलाय. म्हणे बोलायची लाज वाटत होती. मालकीणबाई विचारतात, उशिरा आलेला खुलासा ऐकून घेता येतो का? आणि पुढे... गंमतच आहे. 'घरी विचारायला दुसरे कोणी नाही, म्हणून आपणांस विचारते. आपले सल्लागार नोटिशीच्या शेवटी एक वाक्य घालत. अजून घालतात का?'"

मामांनी हात पुढे केला. अक्षर थोडं थरथरतं झालं होतं, पण 'ऐकून' मधला ऐ तसाच, पदर खोचून उभा.

"ओळखीच्या आहेत?" भाचीनं विचारलं.

मामा बाहीच्या बटणावरून अंगठा फिरवत राहिले. भाचीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पत्राकडे. ती कायदा शिकलेली होती. पुरावा ओळखत होती.

"अगंबाई! निळं बटण! मामा... प्रत्येक नव्या सदऱ्याला तेच का लावता, ते आज कळलं. घ्या पेन. मी चहा टाकते. आणि हे बघा, मसुदा एकच!"

सल्लागारांनी लिहिलं :

'आपल्या दोन्ही पत्रांस उत्तर. आपल्या कारागिराचा खुलासा उशिरा आला तरी ऐकून घ्यावा. मुदत निर्णयासाठी असते, माणसाचे तोंड बंद करण्यासाठी नसते. तीन गुरुवारांबाबत : मी घाबरलो होतो. दुसरे काही कारण नव्हते. ते वाक्य अजून घालतो. माझी अडचण येत्या गुरुवारी अकरा वाजता प्रत्यक्ष येऊन सांगेन. ऐकून घ्यावे.'

चहा यायच्या आत ते पाकीट घेऊन जिना उतरले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी आल्यावर हात थबकलाच. 'ऐकून घ्यावे' फार आगाऊ झालं का? नुसतं 'कळावे' पुरलं असतं...

त्यांनी डोळे मिटले आणि पाकीट सोडलं. आत टप् असा आवाज झाला.

मग, सवय ती, फटीत बोटं घालून पाहिलं. पत्र हाताला लागलं नाही.

"बरं झालं," सल्लागार पेटीला म्हणाले, आणि चहाला गेले.