घराबाहेरचा हात

गोंदियाजवळ कुडव्याला दोन खोल्यांत खुमेंद्र आणि त्याची धाकटी बहीण चंचल राहत. आईबाप मुर्रीला, आपल्या धानाच्या बांध्यांपाशी. खुमेंद्र जन्मापासून आंधळा, पण गोंदियातल्या एका कचेरीत टायपिंगचं काम असं करी की डोळसांनी तोंडात बोट घालावं. त्याच्या संगणकाला ब्रेलची एक पट्टी जोडलेली असे. पडद्यावर जे उमटेल ते पट्टीच्या घराघरांतून बारीक टिपके वर येऊन सांगत आणि खुमेंद्रची बोटं ते वाचत जात. पट्टी त्याची स्वतःची, रोज घरून ने-आण करायचा. ती जुनी होती, बनवणाऱ्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला होता. ती चाले फक्त एका फुकट मिळणाऱ्या, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या प्रणालीवर.

२००९ च्या उन्हाळ्यात त्या लोकांनी जाहीर केलं, की या पट्टीला ओळखणारा कोड जुना झाला, त्याला कोणी वाली नाही, पुढच्या आवृत्तीतून तो काढणार. कचेरीत नवी आवृत्ती येणार हे ठरलेलंच होतं. पट्टी मुकी झाली की खुमेंद्रची नोकरीही गेलीच.

"मीच लिहीन नवा कोड," चंचल म्हणाली. तंत्रनिकेतनात शिकलेली पोर, अंगात रग होती.

"तुह्याकडून होईन?"

"काऊन नाई होनार?"

त्या प्रकल्पाचा कारभार मोठा मजेचा. मालक कोणी नाही, बहुतेकांना पगार नाही, आणि शिस्त मात्र अशी की सरकारी साहेबानं शिकवणी लावावी. कोड कोणीही लिहावा, मेलनं सगळ्यांसमोर टाकावा. मग त्या विभागाचा राखणदार, ज्याला ते मेंटेनर म्हणत, त्याची चिरफाड करणार. इथली मेंटेनर दूरदेशीची एक बाई होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. चंचलचा कोड एकदा रिकाम्या जागा वेड्यावाकड्या सोडल्या म्हणून परत आला, एकदा एकाच पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या एकाच तुकड्यात, दोन कामं कोंबली म्हणून. चंचल रडली, चिडली, पुन्हा लिहायला बसली. शेवटी बाईंचं उत्तर आलं: कोड चांगला आहे. आता नियमाप्रमाणे तुझ्या घराबाहेरच्या कोणीतरी तो पट्टीवर चालवून बघावा आणि स्वतःच्या नावानं तसं कळवावं.

आपला तो बाब्या म्हणतात, त्यावरचा हा उतारा. भावाचा हात चालणार नव्हता. आणि अशी दुसरी पट्टी जगात कुठं चालू होती, कोण जाणे. चंचलनं प्रकल्पाच्या मेल-यादीवर सगळ्यांना विनवणी टाकली. कोणी हूं की चूं केलं नाही.

"अरे यार, दूसरा ईमेल बना ना," चुलतभाऊ भुवनेश्वर म्हणाला. "कोन पाहून राहिलं?"

"सगळेच पाहून राहिले," चंचल म्हणाली. तिला मोह झाला नव्हता असं नाही.

आणि मग एका सकाळी मेल आला. सही फक्त एका अक्षराची. 'चालवून पाहिलं. ओळ संपताना शेवटचा टिपका गळतो, तेवढं सुधारा. सातव्या घरातला तिसरा टिपका उशिरा उठतो, पण तो दोष कोडचा नाही.'

ओळीच्या शेवटची चूक खरी निघाली. चंचल आनंदानं ओरडली. मग सहज म्हणाली, "भाऊ, त्याच्या पट्टीचा सातव्या घरचा तिसरा टिपका अटकते म्हने."

खुमेंद्रचा जेवता हात थांबला.

"आपल्या पट्टीचा अटकते," तो म्हणाला. "चहा सांडला होता माह्याकडून. तुले बोललो नाई."

बाहेर कोणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. चंचलला एकदम खोली मोठी वाटली.

नोकरी भावाची होती आणि गप्प बसणं सोपं होतं. पण सगळ्यांसमोर काम करायची तिला सवय लागली होती. तिनं बाईंना खरं ते लिहिलं, की ही चाचणी आमच्याच पट्टीवर झालेली दिसते. कशी, ते कळत नाही.

उत्तर या वेळी मऊ होतं. 'मी नवी होते तेव्हा त्यानं माझ्या यंत्राची अशीच खोट सांगितली होती. ती मीही कोणाला सांगितली नव्हती. आमच्यातलं कोणी त्याला भेटलेलं नाही. त्याची एकही चाचणी आजवर खोटी ठरली नाही. मला एवढंच सांग, तो तुझ्या घराबाहेरचा आहे ना?'

चंचलनं दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, ओसरीवर ऊन होतं. 'घरात आम्ही दोघंच राहतो,' असं तिनं लिहिलं. त्यात खोटं काय होतं?

कोड स्वीकारला गेला. खाली चंचलचं नाव होतं आणि त्याच्या खाली ते एक अक्षर. तिनं ते दोनदा वाचलं. भीती होतीच, पण देवळात हात आपोआप जोडले जावेत तसंही काहीतरी होतं. भावाची नोकरी वाचली होती.

रविवारी दुपारी वीज गेली. खुमेंद्र पट्टी पुसायला बसला. वायर काढून बाजूला ठेवली होती. पुसता पुसता तो थबकला.

"चंचल, पट्टी गरम आहे."

"उन्हानं असंन."

"नाई. अंधशाळेच्या होस्टेलात आमच्यात ब्रेलचं एकच पुस्तक होतं. मोठ्या पोराचा हात पुढं, माहा मांगं. त्याचं बोट सरकलं का टिपके असेच कोमट लागत." त्यानं बोट हळूच पुढं नेलं. "माह्या पुढं कोनीतरी वाचून राहिलं."

त्याचा चेहरा शांत होता, लहान मुलासारखा.

त्यानं तिचा हात धरून पट्टीवर ठेवला. पहिलं घर कोमट. दुसरं, तिसरं कोमट. पुढची गार.

तिनं हात हलवला नाही. चौथं घर कोमट झालं. पाचवं. सहावं.

सातव्या घराशी तिच्या बोटाखाली पहिला टिपका उठला, मग दुसरा.

तिसरा जरा उशिरानं उठला.