क्लोरीनचं वगळलेलं प्रकरण

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर कौतुकाचा नुसता पूर आला होता. "झेरॉक्सच्या रांगा संपल्या." "आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पुस्तक वाचलं." "फुकट असून झकास." डॉ. यामिनी हुदलीकर ते सगळं कोरड्या डोळ्यांनी वाचत होत्या. हे लिहिणाऱ्यांपैकी तिघांना काल अग्नी दिला होता.

मतग्रंथ हे त्यांचंच अपत्य. जलशुद्धीकरणाच्या पदविकेचं हे पाठ्यपुस्तक पूर्ण मोफत होतं आणि विद्यार्थ्यांच्या मतांनुसार स्वतःला पुन्हा लिहीत असे. रटाळ वाटलं ते आटोपशीर करी, अवघड वाटलं ते सोडवून सांगे. किंमत एकच होती. प्रत्येक प्रकरणानंतर अभिप्राय द्यायचा, आणि वर्गातल्या सगळ्यांनी तो दिल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडत नसे.

समोर तडवी बसले होते. ज्या शुद्धीकरण केंद्रावर ही मुलं प्रशिक्षणाला गेली होती, तिथले ते मुख्य अभियंता.

"मॅडम, एकच विचारतो," ते म्हणाले. "क्लोरीनची गळती झाली, भोंगा वाजला. मग मुलं जिना उतरून तळघरातल्या पंपखोलीत का गेली? दार लावून बसली हो आत."

"वायू वर जाईल असं वाटलं असेल त्यांना."

"क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो कशाला वर जातोय? पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगटात साठतो. गळती झाली की उंचावर चढायचं, हे आमच्याकडून पहिल्याच दिवशी घोटून घेतलं होतं."

"पुस्तकात आहे ते. मीच लिहिलंय."

त्यांनी पुस्तक उघडलं. गळतीचं प्रकरणच नव्हतं. आधी क्लोरीनची मात्रा, मग थेट नळजोडण्या. मध्ये काही होतं याची खूणही उरली नव्हती.

"असं कसं गेलं?" तडवींनी विचारलं.

"एक-दोघांच्या मतानं प्रकरण जात नाही. सगळा वर्ग एकमतानं 'नको' म्हणाला तरच मतग्रंथ ते वगळतो, आणि तीच आवृत्ती राज्यभर जाते." यामिनी म्हणाल्या. "पोरांचं एकमत कधी होतं का, म्हणून मी निर्धास्त होते."

त्यांनी वर्गप्रतिनिधीला बोलावून घेतलं. मयूरेश खैरनार. त्या दिवशी केंद्रावरच्या चौघांतला हा एकटा वाचला होता.

"तू कसा वाचलास रे?"

"मी पाण्याच्या टाकीवर चढलो. त्यांना हाका मारल्या. ऋतुजा म्हणाली, पुस्तकात कुठंय असं? आणि तिघं खाली गेले." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मला माहीत होतं. माझे पप्पा कागद गिरणीत असेच गेले, क्लोरीननं. म्हणूनच ते प्रकरण मला वाचवेना. उघडलं की छातीत कोंडायचं. मी 'नको' लिहिलं."

"तू लिहिलंस. बाकीच्यांनी का लिहिलं?"



"त्यांचंही मीच भरतो, मॅडम. अभिप्रायाचा सगळ्यांनाच कंटाळा. पासवर्ड माझ्याकडे असतात. कँटीनमध्ये बसून एका दमात भरून टाकतो, म्हणजे पुढचं उघडतं."

पुस्तक फुकट, आणि त्याची ही एवढीशी किंमत, तीसुद्धा कुणाला मोजायची नव्हती. यामिनींना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"सोमवारी राज्यभरातली मुलं केंद्रांवर रुजू होतायत," तडवी म्हणाले. "ओळखीच्या चार ठिकाणी मी फोन करीन, पण बाकीच्यांचं काय? तुम्ही ते प्रकरण आजच्या आज परत घाला."

"मला हात लावता येत नाही. प्राध्यापकांची ढवळाढवळ नको म्हणून विद्यापीठाशी भांडून मीच ती सोय काढून टाकली. नियम बदलायचा तर काही महिने जातील. ज्या वर्गानं वगळलं त्यानंच एकमतानं मागितलं, तर मात्र लगेच येतं."

"मग मागू द्या की."

"सगळ्या वर्गानं मागायला हवं, तडवीसाहेब. पटावरच्या प्रत्येकानं."

तडवींच्या ध्यानात आलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. मयूरेशच्याही आलं. त्यानं खिशातून फोन काढला आणि यामिनींकडे पाहिलं. हे खोटं आहे हे त्यांना कळत होतं. याच खोट्यानं तीन जीव घेतले होते. त्या काही बोलल्या नाहीत.

तो सवयीनं भराभर भरत गेला. शेवटच्या तीन नावांपाशी त्याची बोटं अडखळली. एकदा त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, मग तीही भरली.

पडद्यावर पाठोपाठ पोचपावत्या उमटत गेल्या. गळतीचं प्रकरण आपल्या जागी परत आलं, यामिनींनी लिहिलं होतं तसंच. खाली शेवटची पोचपावती होती.

"धन्यवाद, ऋतुजा. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. पुढचं प्रकरण तुमच्यासाठी उघडलं आहे."