आठ प्रकाशवर्षांवरून परीक्षण

'सार्थवाह' यानाच्या संदेशकक्षात घंटा वाजली तेव्हा डॉ. शाल्मली गव्हाणकर कप्तानाच्या दुखऱ्या दाढेत डोकावत होती. "आ करून ठेवा, आलेच," असं म्हणून ती जी पळाली ती बराच वेळ परतली नाही. कप्तान बिचारे तसेच बसून राहिले. यानावर चारच माणसं, आणि ही घंटा वाजली की डॉक्टर कुणाच्या कामाची राहत नाही हे बाकी तिघांनाही पाठ झालं होतं.

पडद्यावर 'हिनोकाचे पूल'चं ताजं प्रकरण उतरलं होतं. तोक्योच्या एका साप्ताहिकात दर सोमवारी छापली जाणारी ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, शाल्मली मिरजेला वैद्यकी शिकत होती तेव्हापासून वाचत होती. आभाळात तरंगणाऱ्या बेटांचं राज्य, आणि हिनोका नावाची सुताराची मुलगी त्या बेटांमध्ये पूल बांधत निघालेली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी तुटायचं आणि वाचकाचा जीव आठवडाभर टांगणीला लागायचा. शाल्मली प्रत्येक प्रकरणाचं परीक्षण मराठीत लिहायची. कॉलेजात असताना त्याचे वाचक जेमतेम वर्गातले. पण ती यानावर निघाली आणि तिची परीक्षणं अंतराळातून येऊ लागली, तेव्हा त्या साप्ताहिकानं त्यांचं जपानी भाषांतर छापायला सुरुवात केली. सदराचं नाव होतं 'आमची सर्वांत लांबची वाचक'. हिनोकाच्या चित्रकर्त्या कुरामोची ओरिए यांनी एका प्रकरणासोबत तिला निरोपही पाठवला होता, 'तुमची परीक्षणं मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावते.' त्या दिवशी शाल्मलीनं तिघांनाही गोडाचा शिरा खायला घातला होता.

ती पहिली पाहायची ती चित्रं नव्हेत, तळाशी असलेला पानाचा आकडा. त्या साप्ताहिकाची रीतच तशी होती. वाचक दर आठवड्याला आपल्या आवडत्या कथेला मत द्यायचे. जिला मतं जास्त ती पुढच्या पानांवर, आणि जी शेवटच्या पानांपर्यंत ढकलली गेली तिची काही खैर नसायची. संपादक ती गुंडाळायला सांगत.

"मुकादम, हिनोका पुन्हा पुढच्या पानांवर आली," शाल्मली धापा टाकत सुकाणूकक्षात शिरली. "काय वेग पकडलाय ओरिएबाईंनी. एका आठवड्यात दोन पूल, एक पडझड आणि वर एक विश्वासघात. मी इतकी ओरडत होते ते अखेर ऐकलं म्हणायचं."

इब्राहिम मुकादम यानाचा मार्गतज्ज्ञ. दापोलीकडचा, बोलायला शांत, पण चिमटा काढायची संधी न सोडणारा.

"बाई होत्या तशाच आहेत, डॉक्टर," तो म्हणाला. "आपण वळलोय."

"म्हणजे?"

"जाताना आपण पृथ्वीकडे पाठ करून पळत होतो. तेही प्रकाशाच्या चार पंचमांश वेगानं. बाईंचं प्रकरण आपल्या मागे धावत यायचं. त्यानं आपल्याला गाठेपर्यंत आपण आणखी पुढे, आणि त्याच्या पुढच्या प्रकरणाला त्याहून लांब धावावं लागायचं. शिवाय आपली घड्याळं पृथ्वीच्या मानानं मंद. सगळा हिशेब करून त्यांच्या एका आठवड्याचे आपल्याकडे तीन आठवडे व्हायचे. आता वळणबिंदू मागे पडला. पोस्टमन येतोय आणि आपणच त्याच्या दिशेनं पळतोय. तीन आठवड्यांचा माल एका आठवड्यात हातात."

"हे मला माहीत आहे. मी डॉक्टर असले तरी शाळेत गेले होते."

"माहीत होतं, तर मग वळणाच्या तोंडावरचं ते परीक्षण कसं काय लिहिलंस?"

शाल्मलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

ते परीक्षण तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तुटक्या पुलाच्या दोरीला हिनोका लटकली होती आणि प्रकरणामागून प्रकरण लटकलेलीच होती. दर खेपेला एक बोट सुटायचं, एक आठवण यायची, खाली ढग दिसायचे, संपलं. शाल्मली तीन-तीन आठवडे वाट पाहायची आणि हाती एक बोट लागायचं. शेवटी तिचा संयम सुटला. तिनं लिहिलं, 'पाच महिने झाले, ही मुलगी दोरीला लटकली आहे. चित्रकर्तीला पुढचं सुचत नसेल तर तिनं दोरी कापावी आणि आम्हालाही मोकळं करावं. सगळेच पूल पुरे व्हायला हवेत असं नाही.' लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं होतं.

"पृथ्वीवर किती दिवस लटकली होती ती?" तिनं विचारलं.

"सात प्रकरणं, म्हणजे सात आठवडे," मुकादम म्हणाला. "तुमच्या मांगात तेवढं चालतं म्हणे."

चालतं कसलं, ती सात प्रकरणं त्या कथेचा कळस होती. शाल्मलीनं ती त्याच दिवशी एकापाठोपाठ एक वाचून काढली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकेका बोटासोबत हिनोका एकेका माणसाला सोडत होती, आणि शेवटच्या बोटावर ती स्वतःच उरली होती. इतकं चांगलं काही तिनं वर्षानुवर्षांत वाचलं नव्हतं, आणि याच प्रकरणांना ती रेंगाळलेली म्हणाली होती. सगळं रेंगाळणं यानाच्या वेगाचं होतं, आणि शिव्या मात्र बाईंना बसल्या होत्या.

"मी आत्ताच्या आत्ता माफी पाठवते."

"पाठव की. पण ते परीक्षण वळणावरून निघालंय, आठ प्रकाशवर्षं लांबून. ते आपल्यापुढे धावतंय आणि तुझी माफी त्याच्या मागे. प्रकाशाला प्रकाश ओलांडू शकत नाही. ते आधीच पोचणार."

"कधी?"

मुकादमनं पडद्यावर दोन रेघा मारल्या. "आपण निघाल्यापासून पृथ्वीवर अठरा वर्षं होतील तेव्हा. आणि त्यात आणखी एक गंमत आहे. जातानाची तुझी परीक्षणं त्यांना दोन-दोन महिन्यांतून एखादं मिळतंय. प्रकरण आपल्याला उशिरा, आणि परीक्षण त्यांना त्याहून उशिरा. हे शेवटचं पोचलं की लगेच परतीची सुरू होतील. तू आठवड्याला तीन लिहितेस, ती तिथे तिप्पट वेगानं पडणार. म्हणजे आठवड्याला नऊ."

"त्यात गंमत कसली?" शाल्मली खुर्चीत बसली. "आज शिव्या आणि उद्यापासून आठवड्याला नऊ आरत्या. बाईंना ही चेष्टाच वाटेल. मुकादम, त्या पेन खाली ठेवतील."

मुकादमनं पडद्यावरच्या दोन्ही रेघा पुसून टाकल्या.

त्यानंतरची वर्षं शाल्मलीनं कशी काढली ते तिलाच ठाऊक. एका डोळ्यात आनंद आणि दुसऱ्यात धास्ती. आठवड्यातून तीनदा घंटा वाजायची आणि ती तीनदा धावायची. हिनोका मोठी झाली, तिचा उजवा हात गेला, ती डाव्या हातानं रंधा मारायला शिकली. पानांचे आकडे कमी होत गेले आणि एका अंकात 'हिनोकाचे पूल' मुखपृष्ठानंतर लगेच पहिलं आलं. त्या दिवशी शाल्मली संदेशकक्षात नाचली. कप्तानाला जपानी येत नव्हतं, पण तेही आता 'पोरगीचं काय झालं?' म्हणून जेवताना विचारू लागले. मुकादम तर चोरून मागची प्रकरणं वाचताना दोनदा पकडला गेला. आणि शाल्मली परीक्षणं लिहीत होती, मन लावून, चौकट न् चौकट उलगडून, जणू एकेका परीक्षणानं ते जुनं परीक्षण पुसलं जाणार होतं.

कथा शेवटाकडे निघाली तेव्हा यानावरच्या कुणाचंच कामात लक्ष लागेना. उरला होता एकच पूल. राज्याच्या दोन टोकांची बेटं, मध्ये अथांग आभाळ, आणि तिथपर्यंत कुणीच कधी पोचलं नव्हतं. हिनोकानं पहिली फळी ठोकली. प्रकरण संपलं. पुढचं प्रकरण हेच अखेरचं, असं खाली छापलं होतं.

शाल्मली रात्रभर जागी राहिली. घंटा वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वाजली तेव्हा पडद्यावर चित्र नव्हतं, साप्ताहिकाची दोन ओळींची सूचना होती. 'कुरामोची ओरिए विश्रांती घेत आहेत. अखेरच्या प्रकरणाची तारीख ठरलेली नाही.'

मांगा वाचणाऱ्याला या सूचनेची भीती ठाऊक असते. अशी विश्रांती कधी महिन्याची असते आणि कधी कायमची.

मुकादमनं तारीख ताडून पाहिली. त्यानं ती तिच्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण त्याला खोटं नीट बोलता येत नाही.

"त्याच आठवड्यात पोचलंय," तो म्हणाला. "तुझं परीक्षण."

शाल्मलीनं दवाखान्यात जाऊन औषधांची कपाटं पुन्हा लावली, ती आधीच लावलेली होती तरी. 'सगळेच पूल पुरे व्हायला हवेत असं नाही', हे तिनंच लिहिलं होतं, आणि जगातला एक सुंदर पूल पहिल्या फळीवर थांबला होता. लाखो वाचक वाट पाहत असतील. तिला त्या सगळ्यांची लाज वाटत होती. पण खरं दुःख वेगळंच होतं. हिनोका पलीकडे पोचते की नाही हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

पुढचे कित्येक महिने संदेशकक्ष मुका होता. मुकादम रोज सकाळी काही निमित्त काढून तिकडे चक्कर मारून यायचा आणि मान हलवायचा. पृथ्वी जवळ आली, बोलणं जवळजवळ समोरासमोर होऊ लागलं, तेव्हा शाल्मलीनं धीर करून नियंत्रणकेंद्राला विचारलं, "ओरिएबाई आहेत ना?"

"आहेत," पलीकडचा माणूस म्हणाला.

"आणि अखेरचं प्रकरण?"

"त्याबद्दल आम्हाला बोलायची परवानगी नाही, डॉक्टर. खाली या, कळेल."

यान कोकणकिनाऱ्यावरच्या अवतरणतळावर उतरलं. बारा वर्षांनी मोठी झालेली शाल्मली वीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या पृथ्वीवर पाऊल टाकत होती. चाकाच्या खुर्चीत बसवून तिला तपासणीच्या दालनात नेलं, आणि तिथल्या टेबलावर एक जाडजूड साप्ताहिक ठेवलेलं होतं. कागदाचं, शाईचा वास येणारं. तारीख चालू आठवड्याची होती. मुखपृष्ठावर हिनोका, पाठमोरी, डाव्या हातात हातोडा.

त्या साप्ताहिकात प्रत्येक चित्रकार शेवटच्या पानावर वाचकांशी दोन शब्द बोलतो. बहुधा हवापाण्याबद्दल किंवा मांजराबद्दल. तिनं आधी तेच पान उघडलं. ओरिएबाईंनी नेहमीपेक्षा जास्त जागा घेतली होती.

'दोन वर्षं सगळ्यांना ताटकळत ठेवलं, त्याबद्दल क्षमा. आमच्या सर्वांत लांबच्या वाचकाची परीक्षणं मला दोन महिन्यांतून एकदा यायची. एका आठवड्यात अचानक नऊ आली. शेजारी राहणाऱ्या भौतिकीच्या शिक्षकांना विचारलं, तर ते म्हणाले, याचा अर्थ एकच, ती वळली, घरी येते आहे. इतकी वर्षं तिनं माझं प्रत्येक पान एकटीनं वाचलं, तेही इथे सगळ्यांचं वाचून, बोलून, विसरून झाल्यावर. म्हणून ठरवलं की निदान शेवट तरी तिनं तुम्हा सगळ्यांसोबत वाचावा, त्याच सोमवारी. संपादकांनी मला खूप ऐकवलं. ता. क. डॉक्टर, माझ्याकडे ती सातच आठवडे लटकली होती. तुमच्याकडे पाच महिने, हे वाचून मला हिनोकाची फार दया आली.'

शाल्मली हसली, आणि हसता हसता रडू लागली. शेजारच्या खुर्चीतून मुकादमनं मान लांब करून ते वाचलं.

"दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडणारच होत्या," तो हळूच म्हणाला. "वळणाआधीचं शेवटचं आणि वळणानंतरचं पहिलं. मी गणित बरोबर केलं होतं, अर्थ चुकीचा लावला."

पण ती ऐकत नव्हती. ती पहिल्या पानावर पोचली होती. मांगा वाचतात तशी उजवीकडून डावीकडे, चौकटीमागून चौकट, न घाबरता, न धावता. दुसरी फळी, तिसरी, वारा, पाऊस, दोरी. शेवटचं पान दोन्ही बाजूंना पसरलेलं होतं. तिनं ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"मुकादम," ती म्हणाली, आवाज चढलेला, डोळे चमकलेले. "मुकादम, ऐक ना, हिनोका..."

"डॉक्टर, प्लीज." रक्तदाब मोजायला आलेला परिचारक पट्टा हातात धरून दारातच थबकला होता. "काही सांगू नका. माझं अजून वाचायचं राहिलंय."

बारा वर्षांत तिला कुणी हे म्हटलं नव्हतं. शाल्मलीनं साप्ताहिक मिटलं, छातीशी धरलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.