अपेक्षा : ७३९३९१३३

"हॅलो, भूमिका चुनीलाल पाटील शेत का? ...नही? माफ करा, मावशी!"

शहादा बसस्टँडच्या बाकावर शेजारचा तरुण चौथ्यांदा माफी मागत होता, आणि खुद्द भूमिका चुनीलाल पाटील ओढणीत तोंड लपवून हसत होती! त्याच्या मांडीवर समाजाची वधू-वर पुस्तिका उघडी होती. तिचा फोटो इतका काळा छापलेला की आईनंही ओळखला नसता.

'अपेक्षा'च्या रकान्यात भूमिकानं मुद्दाम लिहिलं होतं : ७३९३९१३३. गावभर सगळ्यांना वाटलं, मोबाइल नंबरच, दोन आकडे छापायचे राहिले. तिची स्कूटी एका स्थळाला नको होती, कॉलेजातली नोकरी दुसऱ्याला. उद्या सुरतचे पाहुणे येणार होते. त्यांना तर तिचं गणितच नको होतं. तोवर आकडा कुणी ओळखला नाही, तर होकार देईन, असा शब्द ती पप्पांना देऊन बसली होती.

"शेवटला दोन आकडा बदली बदलीसन असा कितला नंबर लावशात?" तिनं विचारलं.

"लागस तोपावत." तो हसला. "मी मिथुन. केळीना बाग शे मन्हा. धीर भरपूर शे..."

"पन हाऊ फोननंबर नसना तं? शेवटला आकडा झाकी देखा, उरेलले भाग जास का. मी गणित शिकाडस, म्हनीसन सांगी ऱ्हायनी."

केळीच्या चिकानं काळं पडलेलं बोट त्यानं शेवटच्या तिनावर ठेवलं. मोबाइलवर तपासलं : मूळ संख्या. कशानंच भाग जात नाही. आणखी एक आकडा झाकला... पुन्हा मूळ! झाकत झाकत ७३९ उरले, मग ७३, मग नुसता ७. प्रत्येक वेळी तेच.

तिची ब्राह्मणपुरीची बस लागली. भूमिका जागची हलली नाही.

"समजनं," मिथुन हळूच म्हणाला. "ही पोर सांगी ऱ्हायनी — मन्हातून काहीबी काढी ल्या, मी तुटस नही."

भूमिकाचे डोळे भरून आले. अगदी हेच सांगायचं होतं तिला.

"पन..." त्यानं बोट उचललं. "काढानं कसाले? पुरा आठ आकडा किती चांगला दिखी ऱ्हायनात!"

हे तर तिलाही सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ती न तुटण्याचीच तयारी करत आली होती. काही सोडायलाच लागू नये, एवढं मागायचं धाडस तिनं कधी केलं नव्हतं.

तिनं फोन लावला. "पप्पा, सुरतवालास्ले 'नही' म्हनी द्या. आकडा वळखनारा भेटी गया."

मिथुनचे कान लालबुंद झाले. "म्हंजे... तुम्हीच...?"

तिनं त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि काळ्या फोटोखाली ठळक दहा आकडे लिहिले.

"आते लावा. लागी."

बस निघून गेली. तिची पर्स वाजली. शेजारी बसूनच तिनं फोन कानाला लावला.

"हां, भूमिकाच बोली ऱ्हायनी. बोला..."